मांजराचे खेळणे आणि दोऱ्याचे टोक

मांजर आणि लोकरीचा गुंडा ही जोडी आपल्या मनात इतकी पक्की बसली आहे की, मांजरासाठी खेळणे म्हटले की पहिल्यांदा दोराच आठवतो. मुलांच्या पुस्तकांतली चित्रे, भेटकार्डे, मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफिती, सगळीकडे तेच दृश्य. प्रत्यक्षात मांजराजवळ एकटी सोडू नये अशा वस्तूंची यादी करायची, तर तिच्या अगदी वरच्या ओळीत दोरा येतो. दोऱ्याबरोबर रबरबँड, जरीची लेस, नायलॉनची तंगूस आणि सुतळीही येतात. घरात विनासायास सापडणाऱ्या आणि आपण ‘बिचारे खेळतेय तर खेळू दे’ म्हणून सोडून देणाऱ्या या वस्तू आहेत.

हा विषय शहरी हौशीचा वाटेल, पण तो तेवढाच नाही. कासूचे नाव बहुतेक वाचकांना महामार्गाच्या बातम्यांतून ठाऊक आहे. पळस्पे ते कासू आणि कासू ते इंदापूर असे मुंबई-गोवा महामार्गाच्या रखडलेल्या रुंदीकरणाचे टप्पे वर्षानुवर्षे छापून येत राहिले. पेण आणि नागोठणे यांच्यामधल्या या भागात मांजर पूर्वीपासून आहे. भाताच्या कणगीला उंदीर लागू नयेत म्हणून ते घरात आले आणि घरचेच झाले. आता त्याच मांजरासाठी पिसांची काठी, घुंगराचा चेंडू, चावी दिल्यावर पळणारा उंदीर असे काहीबाही ऑनलाइन मागवले जाते. खेळणे दारात येते, पण त्यातला दोरा गिळल्यावर लागणारी मांजराची शस्त्रक्रिया दारात होत नाही. आपल्याकडील तालुक्याचे पशुवैद्यकीय दवाखाने मुख्यतः गाय, बैल, म्हैस, शेळी यांच्यासाठी उभे राहिले. मांजराचा एक्स-रे, सोनोग्राफी, भूल आणि पोटाची शस्त्रक्रिया एका ठिकाणी हवी असेल तर पनवेल, नवी मुंबई, नाहीतर थेट मुंबई गाठावी लागते. परळला 1886 मध्ये सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, महालक्ष्मीला 2024 मध्ये टाटा ट्रस्ट्सचे लहान प्राण्यांचे रुग्णालय सुरू झाले. दोन्ही उत्तमच, पण कासूच्या मांजराला तिथवर पोहोचण्यासाठी त्याच महामार्गावरून जायचे आहे. म्हणूनच इथे खेळण्याची निवड हाच उपचाराचा पहिला आणि सर्वांत स्वस्त भाग ठरतो.

दोरा मांजरालाच एवढा का बाधतो, याचे उत्तर त्याच्या जिभेत आहे. मांजराने हात चाटला की खरखरीत पॉलिश पेपर फिरवल्यासारखे वाटते. जिभेवर नखांच्याच द्रव्याचे, म्हणजे केराटिनचे, शेकडो बारीक काटे असतात आणि ते सगळे घशाच्या दिशेने वळलेले असतात. अमेरिकेतील जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी 2018 मध्ये दाखवून दिले की, या काट्यांची टोके आतून पोकळ असून त्यांतून लाळ केसांच्या मुळापर्यंत पोहोचवली जाते. अंग स्वच्छ ठेवायला ही रचना फार कामाची, पण तिचा तोटाही आहे. एखादी तंतुमय वस्तू जिभेवर अडकली की ती बाहेर थुंकणे मांजराला अवघड जाते. प्रत्येक हालचालीबरोबर ती आतच सरकते.

पुढचे संकट पोटात घडते. दोऱ्याचे एक टोक अनेकदा जिभेच्या मुळाशी किंवा जठराच्या तोंडाशी अडकून राहते आणि उरलेला दोरा आतड्यात उतरतो. आतडे त्याला नेहमीप्रमाणे पुढे ढकलू पाहते, दोरा मात्र वरून धरलेला असतो. मग परकराच्या नाडीवर कापड चुण्या पडून गोळा व्हावे, तसे आतडे त्या दोऱ्यावर गोळा होते. ताणलेला दोरा आतड्याच्या भिंतीत रुतू लागतो, प्रसंगी ती कापतो, आणि आतला मैला पोटाच्या पोकळीत पसरून जंतुसंसर्ग होतो. गिळलेला मणी कधीकधी विष्ठेतून निघून जातो. त्यामुळे ‘काल काहीतरी गिळले होते, निघाले आपोआप’ असा अनुभव घरोघरी असतो. दोऱ्याच्या बाबतीत त्या अनुभवावर विसंबून चालत नाही.

लक्षणे ओळखायला कठीण नाहीत, फक्त मांजर ती लपवते. पुन्हा पुन्हा उलट्या होणे, अन्नाकडे पाठ फिरवणे, लाळ गळणे, पंजाने तोंड ओरबाडणे, माळ्यावर किंवा पलंगाखाली जाऊन गप्प बसणे, पोटाला हात लावू न देणे, शी करताना कुंथणे. यांतले काही दिसले आणि घरात दोरा, लेस वा रबरबँड हरवल्याचे आठवले, तर त्याच दिवशी पशुवैद्यक गाठावा. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोऱ्याचे टोक लोंबताना दिसले तर ते ओढू नये. आत आतडे गोळा झालेले असेल तर त्या एका ओढीने ते कापले जाऊ शकते. एरंडेल पाजू नये. मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नये, त्या मिठाचीच विषबाधा होते. आणि ‘एक-दोन दिवस लंघन करू दे, बरे होईल’ असे म्हणून थांबू नये. मांजर दोन-तीन दिवस पूर्ण उपाशी राहिले तर त्याच्या यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकते. अंगाने जाड असलेल्या मांजराला हा धोका अधिक असतो.

असा दोरा येतो कुठून? दुकानातल्या खेळण्यांइतकाच तो आपल्या सणवारांतून आणि स्वयंपाकघरातून येतो. नारळी पौर्णिमेनंतर मनगटावरून उतरलेली राखी टेबलावर पडून राहते. तिच्यात जर, मणी आणि स्पंज असे तिन्ही असतात. मग गणपती येतात. पेण, हमरापूर, जोहे हा गणेशमूर्तींचा परिसर. कारखान्यांत आणि घरांत मूर्ती सजवण्यासाठी खडे, मोती, टिकल्या, सोनेरी लेस यांची रेलचेल असते. मखराची चमकी आणि झिरमिळ्या वाऱ्याने हलतात, म्हणजे मांजराच्या लेखी त्या जिवंतच. संक्रांतीला मांजा. राष्ट्रीय हरित लवादाने 11 जुलै 2017 रोजी नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, तरी तो बाजारातून पुरता गेलेला नाही, आणि झाडावरून लोंबणारे त्याचे तुकडे मांजराच्या तोंडात जातात. खाडीकाठच्या गावांत गळाला लावलेली तंगूस अधिक वाईट, कारण तिला मासळीचा वास असतो आणि टोकाला काटा. याशिवाय गजऱ्याचा दोरा, मटणाच्या पिशवीला बांधलेली सुतळी, दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा, मुलींचे केसांचे रबर, सुईसकट पडलेला शिवणाचा दोरा. डांबराच्या गोळ्या तर घरंगळतात म्हणून मांजर त्यांच्याशी हमखास खेळते. त्यांतील नॅप्थलीन त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडते. या वस्तू झाकणाच्या डब्यात गेल्या की निम्मे काम झाले.

उरलेले निम्मे काम बाजाराचे आहे, आणि तिथे ग्राहक एकटा पडला आहे. लहान मुलांच्या खेळण्यांसाठी केंद्र सरकारने 2020 मध्ये गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला आणि 1 जानेवारी 2021 पासून त्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे आयएसआय चिन्ह सक्तीचे केले. सुटणारे बारीक भाग, टोकदार कडा, रंगांतील शिसे यांची चाचणी त्यात येते. पण या आदेशातील खेळण्याची व्याख्या 14 वर्षांखालील मुलांपुरती आहे. मांजराचा चेंडू तिच्यात बसत नाही. त्यामुळे त्याच्या पाकिटावर ‘नॉन-टॉक्सिक’, ‘पेट-सेफ’ असे छापलेले असले, तरी ते कोणी तपासले या प्रश्नाला उत्तर नसते. गंमत अशी की, ज्या घरात रांगते मूल आणि मांजर दोन्ही आहेत, तिथे तोच न तपासलेला चेंडू मुलाच्याही तोंडात जातो.

तोवर तपासणी घरीच करावी लागेल. ती फार अवघड नाही. पहिली परीक्षा आकाराची. मुलांच्या खेळण्यांतले बारीक भाग तपासण्यासाठी 31.7 मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. तिच्यात जे पूर्ण मावते ते तीन वर्षांखालील मुलाला धोक्याचे. तीच मोजपट्टी मांजराला लावायला हरकत नाही. टेबल टेनिसचा चेंडू 40 मिलिमीटरचा असतो, तो चालतो. मणी, बटण, सुटे घुंगरू चालत नाहीत. दुसरी परीक्षा ओढण्याची. नकली उंदराचे डोळे, नाक, शेपूट दोन बोटांत धरून जोरात ओढावे. आपल्या हाताने निघाले तर मांजराच्या दाताने निघणारच. मग ते आधीच कापून टाकावे. तिसरी परीक्षा रंगाची आणि वासाची. ओले पांढरे फडके घासून रंग उतरला, किंवा पाकीट फोडताच रॉकेलसारखा वास आला, तर ते परत करावे. चौथी परीक्षा पोटातल्या मालाची. थर्माकोलचे दाणे किंवा पॉलिएस्टरचा कापूस भरलेले खेळणे फाटले की त्याच दिवशी टाकून द्यावे. घड्याळात असतो तसला चपटा सेल किंवा लोहचुंबक असलेले खेळणे घेऊच नये. गिळलेला सेल अन्ननलिका जाळतो. दोन चुंबके गिळली गेली तर ती आतड्याच्या दोन वेढ्यांना चिमटा घेऊन मधल्या भिंतीला भोक पाडतात.

एवढे धोके असतील तर खेळणे द्यायचेच कशाला, असा प्रश्न कुणी विचारील. द्यायला हवे, कारण मांजराचा खेळ ही शिकारीचीच तालीम असते. दबा धरणे, पाठलाग, झेप, पकड, चावा हा क्रम त्याच्या मेंदूत कोरलेला आहे. पोट भरलेले असले तरी तो थांबत नाही. घरात कोंडलेल्या मांजराला हे करायला मिळाले नाही तर ते लठ्ठ होते, पडदे फाडते, येता-जाता पायाला झोंबते. बाहेर फिरणाऱ्या मांजराचा प्रश्न वेगळा आहे. ते परसातली चिमणी, सरडा, बेडूक यांच्यावर हात साफ करते, आणि विष खाऊन मेलेला उंदीरही तोंडात धरून आणते. ब्रिटनमधील एक्सेटर विद्यापीठाच्या 2021 मधील अभ्यासात असे दिसले की, मालकाने रोज पाच ते दहा मिनिटे मांजराला शिकारीसारखे खेळवले, तर ते घरी आणत असलेल्या शिकारीत 25 टक्के घट झाली. मांसाचे प्रमाण भरपूर असलेल्या खाद्याने ती 36 टक्के झाली. रोजची दहा मिनिटे मांजराच्याही फायद्याची आणि परसातल्या पाखरांच्याही.

आणि त्यासाठी महागडे काही लागत नाही. कागदाचा बोळा, पिना काढलेला पुठ्ठ्याचा खोका, जुन्या मोज्यात चिंध्या भरून मारलेली घट्ट गाठ, घासून गुळगुळीत केलेल्या करवंटीखाली लपवलेला माशाचा तुकडा, हे सगळे उत्तम खेळ आहेत. खोक्याचे महत्त्व तर संशोधनानेही मान्य केले आहे: नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठाच्या 2014 मधील अभ्यासात, निवारागृहात नव्याने आलेल्या ज्या मांजरांना लपायला खोका दिला त्यांचा ताण इतरांपेक्षा लवकर उतरला. साउदॅम्प्टन विद्यापीठातील सॅरा हॉल आणि जॉन ब्रॅडशॉ यांनी पाहिले की, तेच खेळणे पुन्हा पुन्हा दिल्यावर मांजरांचा उत्साह ओसरतो आणि थोडे वेगळे काही समोर येताच परत येतो. म्हणजे दहा खेळणी घरभर पसरून ठेवण्यापेक्षा चार खेळणी आलटूनपालटून काढणे अधिक शहाणपणाचे. दोरीच्या काठीला सरसकट बंदी नको. पाठलागाचा आनंद तिच्यात सर्वांत जास्त आहे. दोरीऐवजी रुंद कापडी पट्टी बांधावी, काठीचे दुसरे टोक माणसाच्या हातात असावे, आणि खेळ संपताच ती कपाटात जावी.

हातात काठी असण्याचा आणखी एक फायदा आहे. आपल्याकडे पुष्कळ घरांत बोटे हलवून मांजराला खेळवतात. पिल्लू असेपर्यंत ते गोड वाटते. पुढे तेच मांजर हाताला शिकार समजून चावते. बाहेर हिंडणाऱ्या मांजराला रेबीज होऊ शकतो आणि त्याच्या चाव्यातून तो माणसाला होतो, हे गावात अजून पुरते रुजलेले नाही. रेबीज म्हणजे कुत्रा, असेच समीकरण आहे. मांजर चावले किंवा त्याने रक्त येईल असे ओरखडले तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवावी आणि लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. हळद, चुना लावत बसू नये. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की त्याला रेबीजची लस टोचून घ्यावी आणि पुढचे डोस चुकवू नयेत.

पिसांच्या खेळण्यांबाबत रायगडकरांनी विशेष सावध राहावे. कोंबडीच्या दुकानातून उचललेली पिसे काठीला बांधण्याची युक्ती स्वस्त वाटते. पण जानेवारी 2025 मध्ये आपल्याच जिल्ह्यातील उरण तालुक्यात चिरनेर येथे कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला होता. त्याच सुमारास नागपूरच्या गोरेवाडा येथील तीन वाघ आणि एक बिबट्या याच एच5एन1 विषाणूने दगावल्याचे स्पष्ट झाले, तर मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात घरगुती मांजरांत तो सापडला. वाघापासून मनीमाऊपर्यंत सगळे मार्जारकुळ या विषाणूला बळी पडते. तेव्हा कच्ची पिसे आणि कच्चे कोंबडीचे तुकडे, दोन्ही टाळलेले बरे.

लेझरच्या लाल ठिपक्याचे आकर्षण मुलांना फार. त्यात गिळण्यासारखे काही नाही, तरी दोन अडचणी आहेत. जत्रेत मिळणाऱ्या लेझरची शक्ती किती याचा भरवसा नसतो आणि किरण डोळ्यात गेला तर मांजराच्या आणि मुलाच्याही दृष्टीला इजा होते. शिवाय ठिपका कधीच पंजात येत नाही. 2021 मधील एका पाहणीत, लेझरने वारंवार खेळवलेल्या मांजरांत सावल्यांमागे धावणे, एकाच जागी टक लावून पाहणे अशा सवयी अधिक आढळल्या. लेझरमुळेच त्या लागल्या असे त्यावरून सिद्ध होत नाही, पण सावधगिरीला तेवढे पुरेसे आहे. लेझर वापरलाच तर शेवटी ठिपका खऱ्या खेळण्यावर आणून मांजराला पकडीचे समाधान मिळू द्यावे.

कॅटनिपच्या महागड्या पुड्यांविषयी एवढेच सांगावेसे वाटते की, मांजराला झिंग आणणारी वनस्पती आपल्या परसातही उगवते. खोकली किंवा खाजोटी नावाचे पावसाळी तण उपटले की त्याच्या मुळांवर मांजरे लोळतात. हा कॅटनिपसारखाच वासाचा परिणाम आहे. मात्र तणनाशक मारलेल्या बांधावरचे झाड आणू नये, आणि मुळी थोडा वेळ हुंगायला देऊन काढून घ्यावी.

घराने आपले काम केले तरी व्यवस्थेचे काम उरतेच. भारतीय मानक ब्यूरोने पाळीव प्राण्यांच्या खेळण्यांसाठी निदान साधे मानक ठरवावे: सुटणारे भाग नसावेत, रंगात जड धातू नसावेत, दोरी असेल तर ‘माणसाच्या देखरेखीखालीच वापरा’ अशी सूचना मराठीसह स्थानिक भाषांत ठळक असावी. पाकीटबंद वस्तूवर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव, पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क असणे वैधमापन कायद्याच्या 2011 च्या नियमांनुसार आजही बंधनकारक आहे. तो नसलेले खेळणे घेण्यास ग्राहकाने नकार द्यावा आणि दुकानदाराने ते ठेवू नये. पशुसंवर्धन विभागाने तालुक्याच्या दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस तरी लहान प्राण्यांच्या तपासणीसाठी राखावा, तिथे एक्स-रेची सोय द्यावी. 1962 या क्रमांकावर येणारी फिरती पशुवैद्यकीय पथके गुरांसाठी धावतात, ते योग्यच आहे. त्यांतील डॉक्टरांना मांजराच्या तातडीच्या आजारांचे जुजबी प्रशिक्षण दिले तर कासूसारख्या गावात मांजराला वेळेवर पुढे पाठवायचे की नाही, हे निदान ठरवता येईल.

हे सारे होईल तेव्हा होईल. आज रात्री झोपण्यापूर्वी करण्यासारखे काम मात्र छोटे आहे. शिवणाचा डबा बंद करावा, देव्हाऱ्यापुढचा गजऱ्याचा दोरा उचलावा, मुलीच्या वेणीचे रबर खुंटीला अडकवावे आणि मांजरासाठी कागदाचा एक बोळा जमिनीवर टाकून ठेवावा. रात्री ते खेळणारच आहे. कशाशी खेळेल, एवढेच आपल्या हातात आहे.